भिंतीवर न मावलेली नावं

(दृश्य: जुन्या सागवानी बाकांची रांग. कॅमेरा एका बाकाच्या पाठीवर थांबतो. लाकडात कोरलेली खाच.)

ही खाच मेणबत्तीसाठी नाही, प्रार्थनेच्या पुस्तकासाठीही नाही. ती बंदुकीसाठी आहे. सैनिकाने बाकावर बसायचं, बंदूक उभी करायची आणि तिची नळी या खाचेत टेकवायची. मग गुडघे टेकून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायचं. आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, ही त्या प्रार्थनेतली ओळ म्हणतानाही बंदूक हाताला लागेल इतकी जवळ.

मुंबईत कुलाब्याच्या दक्षिण टोकाला, नेव्हीनगरच्या वाटेवर हे चर्च उभं आहे. पाटीवर नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, म्हणजे शुभवर्तमानकार योहान. मुंबईकर त्याला अफगाण चर्च म्हणतात. इथल्याच पिवळसर दगडात बांधलेलं, गॉथिक शैलीचं, 198 फूट उंच मनोऱ्याचं. एकेकाळी बंदरात शिरणाऱ्या जहाजांना हा मनोरा लांबूनच दिसायचा.

खाचांमागे एक तारीख आहे. 10 मे 1857, रविवार. मेरठच्या छावणीत गोरे सैनिक संध्याकाळच्या प्रार्थनेला निघण्याच्या तयारीत होते. चर्चला जाताना बंदुका बराकीत ठेवायच्या, हा तोवरचा रिवाज. नेमक्या त्याच वेळी उठावाची ठिणगी पडली. त्यानंतर हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेने तो रिवाज मोडला. प्रार्थनेला जायचं ते बंदूक आणि काडतुसं घेऊनच. कुलाब्याचं हे चर्च 7 जानेवारी 1858 रोजी बिशप हार्डिंग यांच्या हस्ते प्रार्थनेसाठी अर्पण झालं, तेव्हा उत्तरेत लढाई चालूच होती. लखनौ अजून इंग्रजांच्या हाती परत गेलं नव्हतं, झाशीला वेढा पडायचा होता.

पण चर्च बांधलं गेलं ते त्या उठावासाठी नाही. त्याची गोष्ट वीस वर्षं मागे जाते.

(दृश्य: नकाशा. मुंबईहून समुद्रमार्गे सिंध, बोलन खिंड, कंदहार, गझनी, काबूल.)

1 ऑक्टोबर 1838. गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांनी सिमल्याहून जाहीरनामा काढला. रशियाचा वाढता वावर रोखायचा म्हणून काबूलच्या तख्तावरून दोस्त मोहम्मदला खाली खेचायचं आणि तीस वर्षांपूर्वी गादी गमावलेल्या शाह शुजाला परत बसवायचं, असा तो बेत. बंगालची फौज उत्तरेकडून निघाली. मुंबईची फौज सर जॉन कीन यांच्या हाताखाली जहाजांतून सिंधूच्या मुखाशी उतरली.

बोलन खिंडीत उंट पटापट मेले. रसद संपत आली. तरी एप्रिल 1839 मध्ये कंदहार पडलं, 23 जुलैला गझनी, ऑगस्टमध्ये काबूल. लंडनमध्ये पदव्या वाटल्या गेल्या. मग दोन वर्षांत सगळं फिरलं. 6 जानेवारी 1842 ला काबूलमधून माघार सुरू झाली. सुमारे साडेचार हजार सैनिक, त्यांच्या मागे बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे, बायका, मुलं. गुडघाभर बर्फ, दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून गोळीबार. आठवड्याने, 13 जानेवारीला, जलालाबादच्या तटावरच्या पहारेकऱ्यांना एक जखमी घोडेस्वार येताना दिसला. तो डॉक्टर विल्यम ब्रायडन. मागाहून आणखी काही जण आले, काही कैदेतून सुटले. बाकीचे वाटेतच राहिले.

पराभवाचं स्मारक म्हणून बांधलेली वास्तू आपल्याकडे क्वचितच दिसते. हे चर्च तसं आहे. कुलाब्याच्या छावणीला नीटसं चर्च नव्हतं आणि या युद्धात गेलेल्यांची आठवण जपायची होती. दोन्ही गरजा एका इमारतीत आल्या. पायाचा दगड 4 डिसेंबर 1847 ला बसला. आराखडा हेन्री कॉनीबेअर यांचा. याच माणसाने पुढे विहार तलावाची योजना आखून मुंबईला पाणी पाजलं, हे कौतुकाने सांगायला हवं. मनोऱ्याला वेळ लागला. तो 1865 मध्ये पुरा झाला, आणि त्यासाठी देणगी देणाऱ्यांत पारशी दानशूर सर कावसजी जहांगीर रेडीमनी होते. रंगीत काचा इंग्लंडच्या विल्यम वेल्स यांच्या. सकाळचं ऊन त्यांतून आत पडतं तेव्हा फरशीवर निळे-तांबडे तुकडे हलत राहतात. बघत राहावं असं ते दृश्य आहे.

मात्र काचा बघून झाल्या की भिंतींकडे वळा.

(दृश्य: संगमरवरी पाट्या. एकामागून एक नावं.)

भिंतींवर अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत. आणि पश्चिमेच्या बाजूला एक लेख आहे. त्याचा आशय असा: ज्यांची नावं वरच्या भिंतींवर लिहिली आहेत त्या अधिकाऱ्यांच्या, आणि ज्यांची नावं लिहिणं शक्य नाही इतक्या मोठ्या संख्येने गेलेल्या हवालदार-नाईकांच्या व साध्या शिपायांच्या स्मरणार्थ हे चर्च उभारलं. सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत, कर्तव्याची जाण ठेवून, आजाराने किंवा तलवारीने ते पडले.

या लेखाचा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. आजार आधी लिहिलाय, तलवार नंतर. त्या मोहिमांत पटकी, ताप आणि हगवण यांनी शत्रूइतकीच माणसं नेली. स्मारकावर असं कबूल करायला धैर्य लागतं. पण दुसरी ओळ गळ्यातून खाली उतरत नाही. इतके मेले, की नावं लिहिता येणार नाहीत. अधिकाऱ्यांसाठी भिंत पुरली. शिपायांसाठी पुरली नाही.

ते शिपाई कोण होते, याचं एक उदाहरण बलुचिस्तानात सापडतं.

(दृश्य: उघडेबोडके डोंगर, कोरडे नाले.)

मर्री बलुचांच्या डोंगराळ मुलखात काहान नावाचा छोटा किल्ला आहे. मे 1840 मध्ये कॅप्टन लुईस ब्राउन मुंबई फौजेच्या पाचव्या पलटणीची तुकडी घेऊन तिथे पोहोचले. रसद पोचवून परत निघालेली दुसरी तुकडी डोंगरात गाठून मर्रींनी जवळजवळ पुरती कापून काढली. ब्राउन यांच्याजवळ उरले सुमारे 140 शिपाई. सभोवती मर्री, आणि पाणी बेभरवशाचं. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी मेजर क्लिबर्न यांची कुमक नफुस्क खिंडीत अडली. चढावर लढाई झाली, आणि लढाईत मेले त्यांच्यापाठोपाठ तहानेने मेले. कुमक माघारी गेली. वेढ्यातल्यांना ते कळायलाही दिवस लागले.

तरी काहान पडलं नाही. सप्टेंबरच्या अखेरीस मर्री सरदार दोदा याने ब्राउनशी बोलणी केली. किल्ला सोडा, सुखरूप जाऊ देतो, असा शब्द दिला आणि पाळला. उपासमारीने खंगलेली ती तुकडी आपली तोफ ओढत डोंगर उतरून मैदानात आली.

या पराक्रमाबद्दल पलटणीला 'लाइट इन्फंट्री' हा किताब मिळाला. 'काली पांचवी' म्हणून ती ओळखली गेली, आणि आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन हीच तिची वारस. मुंबई फौजेत कोकणातल्या आणि देशावरच्या माणसांचा मोठा भरणा होता. तेव्हा कुलाब्याच्या लेखातल्या त्या 'इतक्या मोठ्या संख्येने' गेलेल्यांत आपल्याच गावांतली माणसं आहेत. कोणी रत्नागिरीकडचा, कोणी साताऱ्याकडचा. चर्चमध्ये पाय न टाकलेली ही माणसं एका चर्चच्या लेखात एका वाक्यापुरती येतात.

मग ख्रिस्ती श्रद्धेचं या युद्धात काय झालं? तिची दोन रूपं दिसतात, दोन माणसांत.

पहिला कॅप्टन आर्थर कॉनली. बंगाल फौजेतला घोडदळाचा अधिकारी, मनापासून भाविक. मध्य आशियातल्या बुखाऱ्याच्या अमीराने इंग्रजांचा दूत कर्नल स्टॉडर्टला डांबलं होतं, त्याला सोडवायला कॉनली गेला आणि स्वतःच अडकला. किडेमुंग्यांनी भरलेल्या कोठडीत महिनोन्महिने काढून जून 1842 मध्ये दोघांचा शिरच्छेद झाला. धर्म बदललास तर जीव वाचेल, असं कॉनलीला सुचवलं गेलं होतं. त्याने नकार दिला. त्याच्याजवळ प्रार्थनेचं एक छोटं पुस्तक होतं. कागद मिळत नव्हता, म्हणून त्याच पुस्तकाच्या समासांत तो बारीक अक्षरांत कोठडीतले हाल लिहीत गेला. ते पुस्तक हातोहात फिरत 1862 मध्ये, तब्बल वीस वर्षांनी, लंडनमध्ये त्याच्या बहिणीच्या हाती पडलं. स्तोत्रांच्या कडेला भावाचं अक्षर.

दुसरा जॉर्ज ग्लेग. पोरवयात फौजेत शिरला, स्पेनमध्ये नेपोलियनच्या सैन्याशी लढला, मग बंदूक ठेवून पाद्री झाला. 1844 पासून तीसेक वर्षं तो ब्रिटिश सैन्याचा मुख्य पाद्री होता. या माणसाने पहिल्या अफगाण युद्धाचा वृत्तान्त लिहिला, आणि त्यात निकाल दिला तो असा: हे युद्ध कुठल्याही शहाणपणाच्या हेतूने सुरू झालं नव्हतं, उतावळेपणा आणि भित्रेपणा यांच्या विचित्र मिश्रणाने ते चालवलं गेलं, आणि शेवटी ना सरकारच्या पदरी कीर्ती पडली ना फौजेच्या. सरकारी पगारावरचा पाद्री हे लिहितो. सैनिकांसोबत श्रद्धेने जायचंच असेल, तर तिने असं बोलण्याची तयारी ठेवूनच जावं, असं मला वाटतं.

(दृश्य: अल्जीरियातले रोमन अवशेष. खांब, दगडी रस्ता.)

हा पेच कुलाब्यात जन्मला नाही. ख्रिस्ती धर्माइतकाच तो जुना आहे.

शुभवर्तमानांत सैनिक वाईट म्हणून येत नाहीत. कफर्णहूमचा रोमन शताधिपती येशूला म्हणतो, तुम्ही माझ्या छपराखाली यावं एवढी माझी योग्यता नाही, शब्द तेवढा बोला. येशूला त्याच्या विश्वासाचं आश्चर्य वाटतं. बाप्तिस्मा करणारा योहान सैनिकांना नोकरी सोडा म्हणत नाही. जुलूम करू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात समाधान माना, एवढंच सांगतो. पण त्याच पानांत शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा आहे. आणि पेत्राने तलवार उपसली तेव्हा येशूने ती म्यान करायला लावली. इसवी सन 200 च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुल्लियन या ख्रिस्ती लेखकाने त्यावरून ठणकावून सांगितलं: पेत्राची तलवार काढून घेताना प्रभूने प्रत्येक सैनिकाचा कमरपट्टा उतरवला.

12 मार्च 295. उत्तर आफ्रिकेतलं तेवेस्ते, आजचं अल्जीरियातलं तेबेसा. फाबियस व्हिक्टर आपल्या एकवीस वर्षांच्या मुलाला भरतीसाठी घेऊन आला. मुलाचं नाव मॅक्सिमिलियन. प्रांताधिकारी दिओन समोर बसलेला. मुलाची उंची मोजली गेली: पाच फूट दहा इंच. भरतीत चालेल. दिओनने गळ्यात शिशाचा बिल्ला घालायला सांगितलं. मुलगा म्हणाला, मी ख्रिस्ती आहे, मला सैनिक होता येत नाही. दिओन रागावला नाही. त्याने समजावलं, बादशहांच्या खास पथकातसुद्धा ख्रिस्ती सैनिक आहेतच की. मुलगा म्हणाला, त्यांचं भलं त्यांना ठाऊक. माझ्याने वाईट होणार नाही.

शिक्षा झाली ती शिरच्छेदाची. वधाच्या जागी त्याने बापाकडे एक गोष्ट मागितली. नोकरीसाठी शिवून ठेवलेले माझे नवे कपडे या जल्लादाला देऊन टाका.

बाप आणि मुलगा यांच्यात त्या दिवशी आणखी काय बोलणं झालं असेल, त्याची नोंद नाही. नवे कपडे मात्र नोंदले गेले, आणि सतराशे वर्षांनी ते वाचताना अजून पोटात कालवतं.

साठेक वर्षांनी मार्टिन. रोमन अधिकाऱ्याचा मुलगा, घोडदळात वाढलेला. आमियाँ शहराच्या वेशीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपल्या झग्याचा तलवारीने अर्धा तुकडा कापून दिला, ही कथा युरोपभर शेकडो चित्रांतून भेटते. पुढची तेवढी परिचित नाही. 356 मध्ये वर्म्सजवळ लढाईच्या आदल्या दिवशी सैनिकांना बक्षिसी वाटली जात होती. मार्टिनने ती नाकारली आणि पुढे सम्राट झालेल्या सेनापती युलियनला सांगितलं, आता मी ख्रिस्ताचा सैनिक, मला लढता येत नाही. भित्रा म्हणून हिणवल्यावर तो म्हणाला, उद्या मला निःशस्त्र पहिल्या फळीपुढे उभं करा. त्याचं चरित्र सांगतं, की दुसऱ्या दिवशी शत्रूनेच तहाची बोलणी लावली. पुढे तो तूर शहराचा बिशप झाला. त्याचा झगा फ्रँक राजांनी जपला, आणि युद्धावर जाताना ते तो सोबत नेत. शस्त्र टाकणारा माणूस सैनिकांचा पालक संत झाला. हे कसं घडलं, त्याला एक ओळीचं उत्तर नाही. 312 मध्ये कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ताच्या चिन्हाखाली रोम जिंकलं, आणि 314 मध्ये आर्लच्या धर्मसभेने शांततेच्या काळात शस्त्रं टाकणाऱ्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवायचं ठरवलं. मॅक्सिमिलियननंतर अवघ्या एकोणीस वर्षांत एवढा पालट.

पौलाचं इफिसकरांस पत्र सैनिकी चर्चमध्ये फार वाचलं जातं. सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तलवार. ऐकताना अंगावर रोमांच येतात. पण लिहिणारा बेडीत होता, आणि आमचं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही, हे त्याने आधीच्याच ओळीत लिहून ठेवलंय. ती ओळ गाळून पुढची वाचली, की ढाल-तलवार खरीखुरी होते.

(दृश्य: खडकी. हिरवळ, एकाच मापाच्या शिळांच्या रांगा.)

पुण्याजवळ खडकीला युद्ध दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातले सोळाशेहून अधिक सैनिक इथे विसावले आहेत. इथे शिळांचं माप बघा. जनरल असो की शिपाई, दगड तेवढाच. पहिल्या महायुद्धानंतर हा नियम ठरला तेव्हा इंग्लंडात मोठा वाद पेटला. श्रीमंत घरांना आपल्या मुलासाठी मोठं स्मारक हवं होतं, अनेक आयांना साधा क्रूस हवा होता. 4 मे 1920 ला पार्लमेंटात त्यावर चर्चा झाली आणि समतेचा नियम टिकला. दगडाच्या तळाशी घरच्यांना स्वतःची ओळ कोरून घेता येई. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या दगडावर एवढंच, की तो देवाला ठाऊक आहे.

कुलाब्याच्या भिंतीपासून खडकीच्या हिरवळीपर्यंत हे मोठं अंतर कापलं गेलं. पण पुरतं नाही. 2021 मध्ये अशा दफनभूमी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानेच तपास करून जाहीर केलं, की पहिल्या महायुद्धात मेलेल्या अंदाजे 45 ते 54 हजार आशियाई आणि आफ्रिकी सैनिकांना समान वागणूक मिळाली नाही. कुणाची नावं नोंदवहीत ढकलली गेली, कुणाची मुळीच कोरली नाहीत. आयोगाने माफी मागितली, नावं शोधण्याचं काम हाती घेतलं. जानेवारी 2025 मध्ये केपटाउनला सतराशेहून अधिक कृष्णवर्णीय कामगार-सैनिकांची नावं उघड्या बागेत लावली गेली. शंभर वर्षांनी नावं लिहिता येतात, याचा हा पुरावा.

(दृश्य: पुन्हा कुलाबा. वेदीजवळ उघडलेलं मराठी पवित्र शास्त्र.)

हे चर्च ज्या योहानाच्या नावाचं, त्याच्या शुभवर्तमानात मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानिशी हाक मारतो. आणि पेत्राने तलवार चालवली तो प्रसंग चारही शुभवर्तमानांत आहे. मुख्य याजकाच्या दासाचा कान तुटला, असं चौघंही सांगतात. लूक म्हणतो, येशूने तो बरा केला. पण त्या दासाचं नाव फक्त योहान लिहितो. त्या दासाचं नाव मल्ख होतं. पकडायला आलेल्या टोळीतला माणूस, शत्रूच्या बाजूचा, कुणाच्या तरी घरचा गुलाम. तरी त्याचं नाव लिहायला योहानाला जागा मिळाली.

आज हे चर्च उत्तर भारतीय ख्रिस्ती मंडळीचं आहे, 1970 मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. दुरुस्त्यांसाठी, काचांसाठी, घंटांसाठी वेळोवेळी पैसा उभा करावा लागतो आणि तो करायलाच हवा. त्याच्या बरोबरीने एक काम मंडळीने, लष्कराने आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून करावं. मुंबई फौजेच्या जुन्या दप्तरांतून काहानच्या, नफुस्कच्या, गझनीच्या शिपायांची जेवढी नावं निघतील तेवढी काढावीत, देवनागरीत लिहावीत, आणि या चर्चमध्ये लावावीत. ज्यांच्याशी ते लढले त्या मर्री आणि अफगाण मृतांचा उल्लेखही तिथेच असावा. सगळी नावं मिळणार नाहीत. मिळतील तेवढ्यांपासून सुरुवात करता येईल.